वरून पाहिलेलं तळं

माझी चुलत बहीण मंजुळा आमच्या भावकीतली पहिली एम.एस्सी. डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत राहायची आणि ठाण्याच्या एका ऑफिसात उपग्रहाची चित्रं वाचायची. तळ्याच्या पाण्यात शेवाळ किती, ते आभाळातून काढलेल्या चित्रावरून सांगायचं, हे तिचं काम. आम्ही हसायचो. तळं घरामागे आणि बघायचं कुठून, तर वरून!

तिचे वडील, आमचे नाथाकाका, खडवलीपलीकडच्या आमच्या गावात तळ्यावर मासे धरत आणि शिंगाडा लावत. दिवसभर छातीभर पाण्यात. ऑफिसात मात्र मंजुळाने सांगितलेलं, "फादरचा फिशरीजचा बिझनेस आहे." पोरीला अक्कल होती, पण नको तिथे चालायची.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यानंतर आमचंच तळं तिच्याकडे तपासायला आलं. नियम असा, की उपग्रह वरून जाईल त्याच दिवशी काठावर जाऊन पाणी बाटलीत भरून आणायचं आणि चित्रातला रंग त्या पाण्याशी ताडून बघायचा. साहेब जीप काढायला निघाले. मंजुळाच्या डोळ्यांपुढे लंगोटीतला बाप उभा राहिला, साहेबांसमोर पाण्यातून "मंजे!" अशी हाक मारणारा. ती म्हणाली, "सर, रस्ता वाहून गेलाय. जीप नाही जाणार."

मग नुसत्या चित्रावरून अहवाल गेला. त्या चित्रात जिथे हिरवं असतं तिथे लाल दिसतं. शेवाळही लाल, शिंगाड्याची पानंही लाल. कुठलं कोणतं, ते काठावर गेल्याशिवाय कळत नाही. मंजुळाने लिहिलं, निम्मं तळं शेवाळाने भरलंय. पंचायतीने शेवाळ मारायला पाण्यात मोरचूद टाकला. आठवड्याच्या आत मासे पोट वर करून तरंगले, शिंगाड्याची पानं करपली. काकांचं वर्षाचं पोट त्या पाण्यावर होतं. तरी ते पारावर सांगत होते, "माझ्या पोरीचं खातं हाय ते. चुकायचं नाय."

हे मंजुळाच्या कानावर आलं. शेवटी एका रविवारी गावी आली आणि माझ्यादेखत काकांना सगळं सांगून टाकलं, रस्त्याची थापसुद्धा. काका जाळं आवरत होते. माशांचं नाही, शिंगाड्याचं नाही, त्यांनी एवढंच विचारलं,

"म्हंजे मी पान्यात होतो, म्हनून आली नाय तू?"

तिथे उभं राहून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या खेपेला पाणी भरून न्यायला ती साहेबांना घेऊन येणार, असा निरोप आला. आलीही. वडिलांची ओळख करून देते, असं तिने जीपमध्येच सांगून ठेवलेलं. काठावर उभी राहून सगळ्यांसमोर ती हाका मारू लागली, "आबा! ओ आबा!"

पाण्यात कोणी नव्हतं. काका पहाटेच उठून आंबिवलीला आत्याकडे गेले होते. जाताना मला बजावून गेले होते, "जीप गेली का सांगावा धाड. तवर पोरीला मोकळेपनी काम करू दे."