न झिजणारा टायर

थोरल्या भावाची जीप चाळीसगावहून घाटापलीकडे प्रवासी नेई. मागच्या लग्नसराईत घाट उतरताना पुढचा टायर फुटला. वऱ्हाड वाचलं, पण नवरदेवाच्या मामाने त्या प्रसंगाची गावभर जाहिरात केली आणि लोक जीपकडे बघून एसटीत बसू लागले. आणखी एक टायर फुटता तर जीप विकून भावाला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर व्हावं लागलं असतं. म्हणून या वेळी टायर अभ्यास करून घ्यायचे ठरले. मी जळगावला कॉलेजात शिकवत होतो. काय शिकवतो हे घरात कुणी विचारलं नव्हतं, पण अभ्यास माझ्याकडे आला.

मी तीन कंपन्यांची माहितीपत्रकं जमवली. एकावर विमान होतं, एकावर घोडा, आणि एकावर सूटवाला गृहस्थ टायरकडे नव्या जावयाकडे पाहावं तसा पाहत होता. वहीत रकाने आखून मी गुण दिले. नक्षी झिजत नाही म्हणून विमानवाला पहिला आला. झीज फार म्हणून सूटवाला तिसरा.

धुळ्याला दुकानाच्या मालकांनी विमानवाला टायर तबल्यासारखा वाजवून दाखवला. “आवाज ऐका!”

“माले गाणं नही म्हननं, घाट उतरना शे,” भाऊ म्हणाला आणि मला स्टँडमागे घेऊन गेला. तिथे एक चाचा जुन्या टायरांच्या चपला करायचे. सगळे टायर शेवटी त्यांच्याकडेच येत.

“चाचा, विमानवाला कसा?” मी विचारलं.

“एकदम नंबरी, साहेब. ही नक्षी बघा, नव्यासारखी. याची चप्पल मरत नाही.”

मी वही भावापुढे धरली. त्याने वहीकडे न बघता ढिगातला तो टायर ओढला.

“चाचा, नक्षी इतकी नवी शे, मग हाऊ तुमनाकडे कसा उना?”

चाचांनी टायर उलटा केला. बाजूला वीतभर फाटलेलं होतं. “तापला की बाजू जाते. नक्षी राहते आमच्यासाठी.”

“आनि घासाईसन येस तो कोनता?”

चाचांनी तोंड वाकडं केलं. “सूटवाला. लोक त्याचा पापड करून आणतात. चप्पल सोडा, पट्टासुद्धा निघत नाही.”

भावाने सूटवाले चार घेतले. मी, मोकळ्या हाताने कसं परतायचं म्हणून, विमानवाली चप्पल घेतली.

त्या लग्नसराईत जीप रोज घाट उतरली. एकदा तो मामाही पुढच्या सीटवर बसून गेला. स्टँडवर कुणी टायरचं विचारलं की भाऊ छाती पुढे काढून सांगायचा, “आमना प्रोफेसरनी वही लिखीसन निवडेल शेतस!”

मी शेजारीच उभा असायचो, पायात माझा पहिला क्रमांक घालून, आणि नम्रपणे खाली बघायचो.