तंबाखूच्या वखारीतलं घर

तर घागर फुटली तिथपर्यंत काल आलो होतो. फुटली कसली, फोडली! आप्पासोच्या गड्यानं भर विहिरीवर काठी घातली आणि वर म्हणाला, "वखारीतल्यांना पानी न्हाई. मालकाचा हुकूम हाय." हरणाबाईनं खापऱ्या वेचून पदरात घेतल्या. म्हणाली, "बरं झालं बाबा. उंदरांची बिळं बुजवायला खापऱ्याच नव्हत्या." विहिरीवरचे आम्ही असे हसलो, की गड्यालाच तिथनं जावं लागलं.

काल जो बसला नव्हता त्याच्यासाठी सांगतो. आमचं गाव तासगावच्या अंगाला, तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडायचं. हरणाबाई गावची सून आणि आप्पासो तिचा थोरला दीर, पंचांपैकी एक. तिचा नवरा पलटणीत होता, तो इटलीत पडला. तार आली आणि आप्पासोनं तिचं गठुडं अंगणात टाकलं. महावीर अण्णा म्हणून सांगलीचे एक जैन व्यापारी होते. त्यांची तंबाखूची वखार आमच्या वेशीबाहेर रिकामी पडलेली. बाई चालत सांगलीला गेली आणि अण्णांना म्हणाली, "राखण करते, ऱ्हाऊ द्या." अण्णा हो म्हणाले.

एकटी होती तोवर गाव गप्प होतं. मग शालूबाई आली, नवऱ्यानं सवत आणून बाहेर काढलेली. मग म्हातारा जोतीराम, डोळ्यांनी आंधळा. त्याला लेकांनी गोठ्यातसुद्धा ठेवला नव्हता. मग फलटणकडची एक बाई, काखेत पोर घेऊन. येईल त्याला हरणाबाई एकच विचारायची, "शिंका सोसत्याल का?" त्या भिंतींत तंबाखू एवढी मुरलेली, की नवा माणूस पहिले काही दिवस नुसता शिंकत असे. आम्ही वाटेनं जाताना शिंक ऐकली की म्हणायचो, आज कुणीतरी आणखी एक घरातनं काढलाय.

हेच गावाला झोंबत होतं. माणूस हाकलला की तो मुलखात कुठंतरी नाहीसा व्हावा, अशी हाकलणाऱ्याची सोय असते. इथं तो रोज वेशीवर उन्हाला बसलेला दिसायचा. जोतीरामचे लेक तोंड फिरवून जायचे. पोरं कौलांवर दगड टाकायची आणि मोठी माणसं त्यांना हटकत नसत. घागर फोडूनही वखार हलेना, तेव्हा आप्पासोनं चावडीत डाव टाकला.

"उद्या इहिरीचा गाळ काढायचाय. घरटी एक गडी. वखारीतनं बी आला पायजे. न्हाई आला तर सांजच्याला वखार मोकळी!"

वखारीत धडधाकट गडी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीतरी ओरडला, "आंधळ्याला सोडा म्हनावं खाली!" चावडी हसली.

आता गाळाचा रिवाज ऐका. दोन भाऊ वेगळे झाले, तरी दुसरी चूल गाव कधी धरायचं? त्या चुलीचं माणूस गाळात उतरलं की. आणि एकदा उतरलं, की त्या घराचं पाणी कुणी तोडायचं नाही, त्या घराला गावातनं ऊठ म्हणायचं नाही. आप्पासोला हे पाठ होतं. पण राग डोक्यात शिरला आणि रिवाज निसटला.

दुसऱ्या दिवशी मी तळाला होतो, गुडघाभर चिखलात. वर बघतो तर हरणाबाई ओचा खोचून पायऱ्या उतरतेय! वर शालूबाई पाट्या घ्यायला उभी, आणि जोतीराम दोर ओढायला. कुणी पाटी भरून देईना, तर हरणाबाई हातानंच गाळ ओढून भरायला लागली. दुपारी वरनं एक भरली पाटी थेट तिच्या डोक्यावर आली. वरनं आवाज, "हात सुटला गं!" तिनं तोंड पुसलं. "ज्याचा हात सुटला त्यानं जेवून घ्यावं, बाबा. मी हाय हितंच."

दिवस कलता विहिरीला नवा झरा लागला. सयाजीतात्या, पंचांत सगळ्यांत वडील, नारळ फोडत होते. तेवढ्यात आप्पासो आला. हरणाबाई कमरेपर्यंत चिखलात माखलेली.

"झालं न्हवं? आता बोचकी उचला आनि चालू लागा. गडी आला न्हाई, बाई आली."

सयाजीतात्यांनी नारळ खाली ठेवला. त्यांना हरणाबाईचा कळवळा होता असं समजू नका. वखारीवरनं जाताना ते नाकाला धोतर लावत. पण म्हणाले, "आप्पा, तूच बलवलंस रं. गेल्या साली माझी सून उतरली हुती, तवा माझं घर धरलं का न्हाई? गाळात उतरलेलं घर उठवायचं म्हंजे उद्या कुनाचं बी उठवशील."

आता जो तो आपापल्या उंबऱ्याचा विचार करू लागला. जोतीरामचा थोरला लेक, ज्यानं सकाळी सगळ्यात जास्त टिंगल केली होती, तोच पुटपुटला, "व्हय, रिवाज तर हाय." हरणाबाईवर माया कुणाचीच नव्हती. पण आप्पासोच्या बाजूला त्या घटकेला कुणी उभं राहिना.

आप्पासो लालबुंद झाला. तिच्यासमोर थुंकला आणि म्हणाला, "घर म्हनं! घराला कर्ता लागतो. ह्या उकिरड्याचा कर्ता कोन, नाव सांग की!"

हरणाबाईनं डोक्यावरचा पदर चिखलाच्या हातानंच सारखा केला.

"भावजी, आज शालूबाई हाय, तिनं तुमच्या परास जास्त पाट्या वडल्यात. उद्या जोतीरामतात्या. आनि तुमची पोरं तुमाला भाईर काढतील तवा सरळ वखारीत या, चार दिस शिंका, मग तुमाला बी कर्ता करू."