काकाच्या ड्रमचा पहिला ठोका

खरं सांगायचं तर वाचकांच्या भुताच्या अनुभवांचं हे सदर मी आजवर हसायला वाचत आले. पिंपळावरची बाई, पांढरी साडी, गाडीचे दिवे आपोआप बंद... मी स्वतः ड्रम वाजवते. आवाज होण्यासाठी कशावर तरी काहीतरी आपटावं लागतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे भुताखेतांचं कौतुक मला कधीच नव्हतं, आणि पुढचं मी घाबरून लिहीत नाहीये. चिडून लिहितेय. वर्ष झालं, तरी राग गेलेला नाही.

आधी काकाबद्दल. माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, नागावला राहायचा. तरुणपणी मुंबईत हॉटेलांमधून इंग्रजी गाणी वाजवणाऱ्या एका रॉक बँडचा तो ड्रमर होता. बँड मोडला तसा ड्रमसेट टेम्पोत घालून गावी आला, कंपनीत नोकरीला लागला, आणि हळदी-लग्नांत बेंजो पार्टीबरोबर वाजवू लागला. सेट विलायती, जुन्या काळचा. जाड लाकडाचे ड्रम, वर मोतिया रंगाचं आवरण, आणि बास ड्रम एवढा मोठा की लहानपणी मी त्याच्यामागे लपले तर कुणाला सापडायचे नाही. खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात म्हणून काका दर रविवारी एकेक स्क्रू खोबरेल तेलाने पुसायचा. बाजारात चकचकीत नवे सेट आले, पण त्याने ढुंकून पाहिलं नाही.

आणि त्याचं वाजवणं! स्नेअर, म्हणजे खाली तारा लावलेला तो मधला ड्रम, काका तालाच्या किंचित मागे मारायचा. अगदी केसभर. ऐकणाऱ्याला वाटायचं कुणीतरी आपली कॉलर धरून ठेवलीय आणि आत्ता सोडली. मी एकदा म्हटलं, "काका, तू उशिरा मारतोस." तर भडकला. "उशिरा न्हाय पोरी, मागं! उशिरा म्हंजे चूक. मागं म्हंजे मुद्दाम." बास ड्रमवरचा पायाचा ठोका मात्र असा जड की मांडवातल्या खुर्च्या हलायच्या. दोन हात, एक पाय, दोन हात, एक पाय, अशी त्याची ती घरंगळत येणारी चाल अख्ख्या अलिबाग तालुक्यात दुसऱ्या कुणाची नव्हती.

सुरुवातही त्याची वेगळीच. वन टू थ्री फोर वगैरे काही नाही. स्नेअरच्या रिमवर, त्या लोखंडी कडेवर, काठीने एकच 'टक्'... आणि गप्प. इतका वेळ गप्प की नवीन माणसाला वाटावं हा विसरला. बेंजोवाला ओरडायचा, "आरं सुरू कर ना! लोकं नाचाला उभी हायत!" काका हसायचा आणि त्याला वाटेल तेव्हाच सुरू करायचा.

आता महत्त्वाचं. दसऱ्याला आमच्याकडे बेंजो पार्टीवाले आपापली वाद्यं मांडून पुजतात. पूजा झाली की पहिला ठोका ज्याचं वाद्य त्यानेच द्यायचा, दुसऱ्या कुणी हातही लावायचा नाही. काका रिमवर 'टक्' करायचा, थांबायचा, माझ्याकडे बघायचा. आणि बास ड्रमचा तो पहिला ठोका मी द्यायचे. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून, दर दसऱ्याला. सगळ्या आळीने बघितलंय हे. त्याचा अर्थ काय होता हे निलेशला कळत नव्हतं, असं त्याने मला तरी सांगू नये.

निलेश काकाचा मुलगा, माझ्याहून लहान. त्याने आयुष्यात काठी हातात धरली नाही. मी पनवेलला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये वाजवते. काका गेल्यावर मी सेट मागितला. तर हा म्हणतो, "बाबा माझ्याजवळ कुठे काय बोलले? आणि ताई, उद्या तू लग्न करून जाणार. घरातली वस्तू दुसऱ्या घरी कशी द्यायची?" त्यानंतर फोन केला की एकच उत्तर... "ठेवलाय गं नीट."

मागच्या दसऱ्याला त्याच्या होमस्टेचं उद्घाटन होतं. भर दुपार, लख्ख ऊन, वाडीत मुंबई-पुण्याचे पाहुणे. मी आत पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं.

स्नेअरचा दिवा केला होता! वरखालची पानं, म्हणजे ज्यावर काठी पडते ते ताणलेले पडदे, काढून, तारा भंगारात टाकून, आत बल्ब लावून छताला टांगला होता. लहान ड्रमांच्या कुंड्या, त्यांत मनीप्लांट. आणि बास ड्रम आडवा पाडून, त्याची दोन्ही पानं फाडून, आत रंगीत दिव्यांची माळ घालून वर काच ठोकलेली. त्यावर कोकम सरबताचे ग्लास.

"व्हिंटेज लुक आहे ताई," निलेश म्हणाला. "गेस्ट लोकांना असलंच आवडतं."

त्याच्या कानाखाली वाजवायची राहिले ती केवळ काकीकडे बघून. काकी, म्हणजे त्याची आई, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्या नजरेला नजर देईना.

पूजा सुरू झाली. निलेशने स्कूटरला हार घातला, वॉशिंग मशीनला घातला, कॉफीच्या मशीनला सुद्धा घातला. मी झेंडूचं फूल घेऊन पुढे झाले. "त्या ड्रमला पण वाहा."

"ताई, टेबलाची पूजा करतात का?" पाहुणे हसले.

आणि वरून आवाज आला... टक्.

लोखंडी कडेवर लाकडी काठीचा कोरडा आवाज. सगळ्यांनी मान वर केली. वर फक्त तो दिवा. मग शांतता. ती शांतता मला अंगात पाठ आहे, तिची लांबी मी झोपेतसुद्धा सांगेन. ती पुरी झाली, आणि पुन्हा... टक्.

"पाल असेल," निलेश म्हणाला. पाल काय काठी घेऊन फिरते? तो स्टुलावर चढला, दिवा दोन्ही हातांनी घट्ट धरला. टक्! त्याच्या हातातच. चटका बसल्यासारखा तो खाली आला.

काकी पुढे आली. हाताला पुरीचं पीठ तसंच. "निलेश, ती काच काढ."

"आई, लोकं बघतायत..."

"बघू देत. तुझा बापूस रिम वाजवून थांबलाय. आनि तो तुज्यासाठी थांबला न्हाय."

त्याने ग्लास ट्रेमध्ये ठेवले, काच काढली. आत दिव्यांची माळ आणि रिकामं लाकूड, मारायला पान कुठे होतं? मी रागाने त्या लाकडावरच तळहात हाणला. फट्! रिकाम्या खोक्यावर मारल्यासारखा आवाज झाला. मला रडू फुटलं, ते सुद्धा रागानेच.

आणि मग धम्म... पान ताणून बसवलेल्या बास ड्रमचा भरलेला आवाज. माझ्या छातीच्या हाडात लागला तो. त्यावर स्नेअर, केसभर मागे, खालच्या तारांच्या सर्रर आवाजासकट. त्या तारा कधीच भंगारात गेल्या होत्या! दोन हात, एक पाय, दोन हात, एक पाय. ट्रेमधलं सरबत थरथरत होतं. माझ्या ठोक्यानंतर काका दसऱ्याला वाजवायचा तेवढंच वाजलं आणि थांबलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने निलेशला विचारलं, "भैया, स्पीकर कहाँ छुपाया है?"  निलेशचे ओठ पांढरे पडले होते. काकी तिथेच जमिनीवर बसली.

संध्याकाळच्या आत त्याने स्वतः दिवा उतरवला, कुंड्यांतली माती काढली आणि सगळं माझ्या गाडीत ठेवलं.   मी त्याच्याशी अजून बोलत नाही.

एका पाहुण्याने मोबाइलवर शूटिंग केलं होतं, ते माझ्याकडे आहे. त्यात सगळा आवाज आलाय. पण ज्याला दाखवावं तो म्हणतो की स्पीकर असणार. मीच बघणारी असते तर मीही हेच म्हणाले असते. दुसरं काय म्हणायचं ते मला आजही माहीत नाही.

सेट आता पनवेलला माझ्या घरी आहे. नवी पानं बसवली, नव्या तारा लावल्या, स्क्रू खोबरेलाने पुसते. यंदाच्या दसऱ्याला पूजा केली, फूल वाहिलं, आणि काठी खाली ठेवून नुसती बसून राहिले. म्हटलं, आता 'टक्' होईल. दिवेलागणीपर्यंत वाट पाहिली. काही नाही. शेवटी रिम मीच वाजवली आणि ठोकाही मीच दिला.

सगळ्यांना वाटतं माझा राग निलेशवर आहे. आहेच, तो जायचा नाही. पण त्याहून जास्त काकावर आहे. वाडीत बसून मला एकटीला शंभरदा म्हणाला असेल, "ह्यो सेट तुझा." मुलासमोर, बायकोसमोर, एकदाही नाही. जिवंतपणी एक वाक्य बोलला असता, तर काय बिघडलं असतं? त्या ड्रमांच्या कुंड्या झाल्या नसत्या.

मागं म्हंजे मुद्दाम, असं तू शिकवलंस ना, काका? मग ऐक. परक्या लोकांच्या टाळ्यांत वाजवलास तो ठोका मागे नव्हता. उशिरा होता.