दोन नावांचा मोतीबिंदू

सातविणीच्या फुलांचा वास आधी गोड वाटतो, मग वेलदोड्यासारखा उष्ण, आणि थोड्या वेळाने त्याचे वजनच जाणवू लागते. कुणी दमट शाल खांद्यांवर टाकावी तसे. चंदीगडमध्ये ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो रस्त्यारस्त्यांतून वाहत असतो. सासूबाई गावाहून कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या, त्यानंतरच्या तिसऱ्याच आठवड्यात एका संध्याकाळी गॅलरीत उभ्या राहून त्यांनी मला विचारले, "अगं, वेलदोडे कोण कुटतंय एवढे?"

"कुणी नाही, आई. सातवीण फुललीय."

"कुठं आहे?"

झाड त्यांच्या समोर होते. आमचे सरकारी घर पहिल्या मजल्यावरचे. कठड्यावरून हात लांबवला असता तर पांढरट हिरव्या फुलांचा घोस हाती आला असता. सासूबाईंनी मात्र मान आधी डावीकडे वळवली, मग उजवीकडे, आणि शेवटी काही हरवले नसल्यासारखा पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "असेल. इथली झाडं लांब लांब लावलीत."

तेव्हा मला उमगले. तांदूळ त्या बोटांच्या टोकांनी निवडत होत्या. मला बांगड्यांच्या आवाजावरून ओळखत होत्या, माझ्या मुलीला तिच्या पळण्यावरून. पुण्याहून टपालाने येणारे साप्ताहिक मी त्यांच्या हाती दिले की "चष्मा गावी राहिला" म्हणून मलाच वाचायला लावत होत्या. मी वाचू लागले की डोळे मिटून ऐकायच्या, आणि एखाद्या परिच्छेदानंतर हळूच म्हणायच्या, "छान वाचतेस. पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचलेलं जरा निवलेलं लागतं."

शहरातल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत एक नागपूरकर नेत्रतज्ज्ञ होत्या. मराठी मंडळींच्या गणपतीत त्यांची आमची ओळख झाली होती. त्यांनी दोन्ही डोळ्यांत दिव्याचा झोत सोडून पाहिले.

"काकू, मोतीबिंदू आहे. आणि बरेच दिवस लपवून ठेवलाय तुम्ही."

"पिकू दे म्हटलं. पिकल्याशिवाय काढत नाहीत ना?"

"आंबा आहे का तो, काकू? आता तसं काही नसतं. उलट फार पिकला, तर काढायला कठीण जातं." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "उजवा डोळा हिवाळा संपायच्या आत व्हायला हवा. आमच्याकडे नंबर लावलात तर पुढचा दसरा उजाडेल."

बाहेर पडताना सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. पायऱ्या उतरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "नाही जमलं, तर गुढीपाडव्यानंतर मला गावी सोडून या. तिथलं घर हातांना पाठ आहे." सहज म्हणाल्या, कणीक संपलीय हे सांगावे तशा. पण कवितेच्या अभ्यासात माझी इतकी वर्षे गेली, तरी इतके सुघड आणि इतके असह्य वाक्य मी फार थोड्या वेळा ऐकले आहे.

त्या काळी विमा ही गोष्ट नुकतीच सरकारी कचेरीतून निघून घरोघर हिंडू लागली होती. आमच्या शेजाऱ्यांचे मेहुणे एका नव्या खासगी कंपनीचे प्रतिनिधी झाले होते. ते टाय लावून आले, गुळगुळीत कागदाची पत्रके टेबलावर पसरली आणि नमस्कार करून म्हणाले, "माताजी, एक ही बात है. पहले से जो बीमारी है, वो कवर नहीं होती."

मी सासूबाईंना समजावून सांगितले, की आधीपासून असलेला आजार चालत नाही.

"मग पुढं कुठला येणार ते मला आधी कसं कळावं? आणि माझं तर वयसुद्धा आधीपासूनचंच आहे."

ते गृहस्थ मनापासून हसले, फॉर्म भरून घेऊन गेले, आणि पंधरा दिवसांनी कंपनीचे नकाराचे पत्र आले. पत्र आदरपूर्वक 'श्री' लावून माझ्या सासऱ्यांच्या नावे होते. आपल्याकडे बाईच्या नावात मध्ये नवऱ्याचे नाव असते. पाकिटावर पत्ता घालणाऱ्याने तीन नावांतले पुरुषाचे वाटले ते उचलले असावे. सासरे जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. मी ते पत्र जरा भीतभीतच वाचून दाखवले. सासूबाई डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या.

"द्या म्हणावं त्यांना विमा. त्यांना आता काही व्हायचं नाही!"

शेवटी वाट सुचवली ती नागपूरकर डॉक्टरांनीच. माझा नवरा सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत होता. त्याच्या नोकरीला वैद्यकीय योजना होती, आणि तिच्यात अवलंबून असलेल्या आईचे नाव घालता येत होते. आम्हाला वर्षानुवर्षे त्याचा पत्ताच नव्हता. नियमांची पुस्तिका नवऱ्याच्या कपाटात कोरी पडली होती. मी ती तीन दुपारी बसून वाचली. सारे आयुष्य ओळींच्या मधले वाचण्याची सवय; इथे ओळच वाचायची होती, आणि तेच अधिक अवघड गेले. योजनेच्या यादीतले रुग्णालय हवे. शस्त्रक्रियेची परवानगी आधी घ्यावी लागते, नंतर नव्हे. डोळ्यात बसवायच्या भिंगासाठी मर्यादा ठरलेली; साधे, चांगले भिंग तिच्यात बसते. तिसऱ्या दुपारी मी पुस्तिका मिटली तेव्हा इतका आनंद झाला, की दुर्बोध कविता उलगडल्यावरही तेवढा होत नसे. फक्त कार्ड हवे होते, आणि कार्डासाठी वयाचा पुरावा.

"पुरावा आहे," सासूबाई म्हणाल्या. ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत, कापराचा वास लागलेला एक चौघडी कागद होता. शाळा सोडल्याचा दाखला. त्या सातवी पास होत्या, तालुक्यात दुसऱ्या.

योजनेचे काम पाहणारे कारकून एक वयस्क सरदारजी होते. त्यांच्या खोलीत खळीचा आणि शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा वास भरून राहिलेला असे. त्यांनी दाखला उलगडला, सासऱ्यांमागे सासूबाईंना मिळणाऱ्या पेन्शनच्या कागदाशेजारी ठेवला आणि बराच वेळ दोन्हींवरून नजर फिरवली.

"ये किसका है जी?"

"मेरा," सासूबाई म्हणाल्या.

"और ये, पेन्शनवाला?"

"वो भी मेरा."

"माताजी, ये तो दो औरतें हो गईं."

"बीच में मेरा लगीन हुआ ना!"

त्यांनी चष्मा काढला. "शादी से सरनेम बदलता है, समझ गया. पर पहला नाम?"

"वो भी बदल्या. पहिला, मधला, शेवटचा. तीनों."

"हमारे यहाँ लड़की घर बदलती है, नाम नहीं. आपका तो कुछ भी नहीं बचा?"

सासूबाईंनी प्रश्नाचा नीट विचार केला. "तारीख बची," त्या म्हणाल्या. "जनम की. तुमको तो वोही चाहिए ना?"

सरदारजींच्या मिशा हलल्या. मग त्यांनी माहेरच्या नावातल्या एका अक्षरावर बोट ठेवले. "और ये कौन सा अक्षर है?"

तो 'ळ' होता. मी त्याचा उच्चार करून दाखवला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "ओ जी, ये तो हमारा है! हिंदीवाले नहीं बोल सकते, हम बोलते हैं." आणि त्यांनी सासूबाईंचे माहेरचे नाव मोठ्याने, चोख, खणखणीत 'ळ'सकट उच्चारले.

सासूबाईंनी मान झटकन वर केली. ते नाव घेणारा शेवटचा माणूस म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. त्यालाही जाऊन बरीच वर्षे लोटली होती.

"पर बीबीजी, कानून तो कानून है," सरदारजी मला म्हणाले. "हलफ़नामा लाओ, कि ये दो नहीं, एक ही हैं. बाकी मैं देख लूँगा, पक्का."

मग धुके पडले. शहर दुधात बुडवून ठेवल्यासारखे झाले. समोरची सातवीणही दिसेना. सासूबाई गॅलरीत शाल पांघरून समाधानाने बसून राहत. "आता बघ, सगळ्यांनाच माझ्यासारखं दिसतंय," असे म्हणत, आणि माझा नवरा स्कूटर घेऊन निघाला की वरून हाक मारत, "सावकाश रे, सवय नाही तुला!"

धुके विरले तशी हलफ़नाम्यासाठी, म्हणजे प्रतिज्ञापत्रासाठी, मी त्यांना जिल्हा न्यायालयाच्या आवारात घेऊन गेले. झाडांखाली टंकलेखक ओळीने बसले होते. यंत्रांचा टपटपाट कौलांवर गारा पडाव्यात तसा चालला होता. आमच्या टंकलेखकाने सरावाने हिंदीत मजकूर बडवला आणि वाचून दाखवला. सासरचे नाव, मग 'उर्फ', मग माहेरचे नाव.

"उर्फ?" सासूबाईंनी माझ्या कानाशी विचारले. "ते तर दरोडेखोरांना असतं. पेपरात वाचायची मी."

मी म्हटले, 'विवाह के पूर्व का नाम' असे लिहिता येईल का? टंकलेखकाने माझ्याकडे दयेने पाहिले. "मैडम, उर्फ ही चलता है. जज साहब उर्फ ही समझते हैं."

संध्याकाळी माझी मुलगी आनंदाने ओरडली, "आजी, आप तो डाकू हो!" आणि पुढचा आठवडाभर सासूबाई चहा मागताना "उर्फला पण अर्धा कप" असे म्हणत राहिल्या.

पण त्या सकाळी, झाडाखाली, एक अडचण उरली होती. यंत्राला 'ळ'ची कळ नव्हती. नावाच्या मधोमध एक मोकळी जागा सुटली होती, पडलेल्या दातासारखी. "हाथ से भर दो," टंकलेखक म्हणाला, "और दोनों नाम से साइन."

मी सासूबाईंच्या हातात पेन दिले आणि त्या जागेखाली माझे बोट ठेवले. माझ्या नखाच्या आधाराने त्यांनी 'ळ' भरला. मग सासरच्या नावाची सही केली. ती अडखळत गेली, ओळ सोडून खाली घसरली. दुसऱ्या सहीच्या वेळी त्यांनी माझे बोट बाजूला सारले. "हिला नको आधार," म्हणाल्या, आणि चक्क डोळे मिटले. पेन निघाले ते थांबले नाही. तिरपे, वळणदार, टाकाने घोटलेले अक्षर. शिरोरेघ एका दमात. पन्नासहून अधिक वर्षांत न लिहिलेले नाव हाताने जसेच्या तसे जपून ठेवले होते.

मला माझे लग्न आठवले. तांदळाने भरलेले ताट आणि अंगठी माझ्यासमोर आणली गेली होती. माझे नवे नाव कोणते, यावर आत्याबाईंचे तीन तीन पर्याय तयार होते. सासूबाईंनी सगळ्यांना बाजूला सारून सांगितले होते, "हिचं आहे तेच लिहा. चांगलं आहे की." मला तेव्हा वाटले होते, त्यांना घाई झाली असावी, जेवणाची पंगत खोळंबली होती.

"आई," परतताना रिक्षात मी विचारले, "माझं नाव तुम्ही का नाही बदललंत?"

"लक्षात ठेवायचा कंटाळा," त्या म्हणाल्या, आणि उन्हाकडे तोंड करून बसल्या.

कार्ड फेब्रुवारीच्या अखेरीस आले. सरदारजींनी शब्द पाळला होता. दोन्ही नावे घातली होती, आणि 'ळ' स्वतःच्या पेनाने काढला होता, आडव्या झोपलेल्या इंग्रजी आठासारखा. परवानगीचे पत्रही सोबत होते. यादीतले रुग्णालय लहान होते, भिंतींचा रंग उडालेला, पण फरशीला फिनेलचा स्वच्छ वास होता, आणि तिथल्या डॉक्टरांना वेळ होता. शस्त्रक्रियेला चहा उकळण्याइतकाच अवधी लागला असे मला वाटले; सासूबाईंच्या मते तेवढासुद्धा नाही.

दुसऱ्या सकाळी पट्टी सोडायची होती. पाडवा पंधरा दिवसांवर आला होता. बाहेर इकडची, वसंतात होणारी पानगळ चालू होती. खिडकीपाशी वाळक्या पानांची सळसळ ऐकू येत होती. डॉक्टरांनी डोळा हलक्या हाताने पुसला, दुसरा झाकला आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवले. सासूबाईंनी वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ. दुसरी. चौथ्या ओळीपर्यंत त्या एखादे पद म्हणावे तशा लयीत गेल्या.

"बहुत अच्छे, माताजी! और कोई तकलीफ़?"

"है," सासूबाई म्हणाल्या. "इसमें 'ळ' नहीं है."

डॉक्टर काही न समजून हसत पुढच्या रुग्णाकडे गेले. सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि पाहत राहिल्या. माझे पिकू लागलेले केस, कपाळावरची कांजिण्यांची खूण, साडीचा रंग, सगळे जणू एकेक करून मोजून घेतले. गावी जाण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. तेवढ्यात नर्स औषधाचे थेंब घालायला कार्ड हाती घेऊन आली, नावापाशी अडली आणि ते माझ्यापुढे धरून म्हणाली, "ये कैसे बोलते हैं?"

पहिले नाव तिला जमले होते. ती दुसऱ्यावर अडली होती. एरवी माझी छाती झाली नसती. पण त्या सकाळी 'आई' आणि 'अहो' दोन्ही बाजूला ठेवून, वर्गात हजेरी घेणाऱ्या बाईंसारखे, मी ते नाव मोठ्याने पुकारले.

सासूबाई स्टुलावर ताठ झाल्या. हाताची घडी घातली, एक डोळा अजून झाकलेला, दुसरा थेट माझ्यावर, आणि म्हणाल्या,

"हजर!"