रेडिएटरवरचा हार

दाजींना गाडी कळते, हे सगळ्यात आधी दाजीच सांगतात. चादरीच्या दुकानात गिऱ्हाईक आलं तरी चादर उलगडायच्या आधी मोबाईलवर गाडीचा फोटो दाखवणारा माणूस. जाकीट, हातमोजे, गुडघ्याचं कवच, सगळं आणलं. डोकं तेवढं आणायचं राहिलं. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे ते नवरे, म्हणून माझ्या गॅरेजमध्ये आले की मी खुर्ची पुसून देतो आणि तोंड बंद ठेवतो.

गेल्या दसऱ्याला त्यांनी त्या रेसिंगच्या गाडीची पूजा केली. हँडलला एक माळ बांधून भागलं असतं. पण गाडी मोठी, मग हारही मोठाच हवा की! मांडीएवढा जाड झेंडूचा हार पुढून, बरोबर रेडिएटरवर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या जाळीवरच, सुतळीनं आवळला. मग गल्लीत उभ्या गाडीला रेस देत बसले, कारण चार टाळकी व्हिडिओ काढत होती. त्याच हारासकट अक्काला मागं बसवून ते मैंदर्गीला मावशीला सोनं द्यायला निघाले. वाटेत मीटरवर इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. तो त्यांना दिसला, हे विशेष. पण रस्ता मोकळा होता, म्हणून त्यांनी मूठ आणखी पिळली.

इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि गाडी घसरत गेली. जाकीटवाल्याला खरचटलंसुद्धा नाही. साडीतल्या अक्काचं खांद्याजवळचं हाड मोडलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा दाजी बाहेर फोनवर कुणाला तरी सांगत होते, "टाकीला पोचा आलाय रे." असा संताप आला की मी दोन्ही हात खिशात कोंबून उभा राहिलो.

गाडी टेम्पोतून माझ्याकडंच आली. रेडिएटरच्या जाळीत झेंडूची भाजी झाली होती. सिलेंडर उपसला, तर पिस्टन कडेनं वितळून भिंतीला चिकटलेला, त्याच्यावरच्या रिंगा खाचेत गाडलेल्या.

"दाजी, हार काढून निघायचं की."

"सुकल्याबिगर काढत नसतेत. शास्त्र हाय ते. तूच ऑइल हलकं टाकलं असशील."

ऑइल! पाकळी चिमटीत धरून दाखवली, तर म्हणाले, पुण्याकडं असं व्हत न्हाय.

पुण्याहूनच नवा सिलेंडर आणि पिस्टन यायला बरेच दिवस लागले. मला घाई नव्हती. ऑइलच्या वाटांतला धातूचा चुरा धुतला, टायमिंग चेनच्या खुणा जुळवल्या, पण प्रत्येक बोल्ट आवळताना एकच दिसायचं: गाडी सुरू झाली की अक्का पुन्हा त्याच सीटवर बसणार. या माणसाच्या मागं. मला ते सहन होत नव्हतं.

अक्का गळ्यात हात अडकवून गॅरेजमध्ये येऊन बसायची आणि बघत राहायची. एकदा तिनं विचारलं, "नवा पिस्टन टाकल्यावर पुढं काय?"

"नव्या रिंगा घासून नीट बसंपर्यंत लई हळू चालवायची. मोपेडसुद्धा पुढं जाईल, इतकी."

"ह्यांना जमंल?"

मला हसू आवरेना. तीही हसली, मग खांदा दुखला म्हणून थांबली.

गाडी तयार झाली तोवर तिचा हात पूर्ण बरा झाला होता. दाजी कवचकुंडलं चढवून आले, हातात नवा हार! किल्लीसाठी त्यांनी हात पुढं केला, आणि अक्कानं ती माझ्या हातातून काढून घेतली. लग्नाआधी आमच्या वडिलांची मोटारसायकल ती थेट लांबच्या केम गावापर्यंत न्यायची. आज ती पंजाबी ड्रेस आणि हेल्मेट घालून आली होती, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"रिंगा बसंपर्यंत मी चालवते. तुमी मागं बसा."

"अगं, लोकं काय म्हणतील?"

"मी पडले तवा काय म्हणले?"

दाजी मागं बसले. हार मांडीवर घेऊन.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते दोघं माझ्या गॅरेजवरून जातात. अक्का पुढं, दाजी पूर्ण कवचात मागं, आणि शेजारून भाजीवाल्याची मोपेड हॉर्न वाजवत पुढं निघून जाते. दाजी मला हातानं खूण करून विचारतात, झालं का? रिंगा केव्हाच बसल्या आहेत. मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवतो, अजून नाही. अक्का आरशातून माझ्याकडं बघते.

दाजींना गाडी कळते, त्यामुळं त्यांना ते पटतं.