कारवारच्या करंजाची खबर

मंद्रूपच्या नीलम्मा ओढ्याकाठच्या नऊ करंजांच्या शेंगा गोळा करून तेलाच्या घाण्यावर देत. नवरा गेल्यावर लेक महादेवीला त्यांनी याच कामावर वाढवलं. बहात्तरच्या दुष्काळात ओढा ठणठणीत कोरडा पडला, विहिरींनी तळ गाठला. तरी चैत्र लागताच नऊही करंज कोवळ्या पानांनी चमकू लागले. नीलम्मा शाळेतल्या शिवयोगी गुरुजींकडं गेल्या.

"पाऊस न्हाय, वल न्हाय. मग पालवीची येळ झाली हे झाडाला कळतं कसं?"

"पुस्तकात बघतो," गुरुजी म्हणाले. पुस्तकात काही सापडलं नाही.

पुढच्या वर्षी महादेवी लग्न होऊन कारवारला गेली. जावई तिप्पण्णा तिकडं जंगलखात्यात गार्ड होते. लेकीची पत्रं दोन ओळींची यायची: खुशाल आहे, काळजी नसावी. नीलम्मांना त्या ओळी खऱ्या वाटेनात. पण विचारावं काय, तेही सुचेना. शेवटी त्यांनी गुरुजींकडून कार्ड लिहून घेतलं: आमच्याकडं पाडव्याला पालवी फुटली. तिकडं करंज हाय का? त्याला कंदी फुटली?

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, कार्ड कडेपर्यंत भरलेलं. खाडीकाठी करंजच करंज आहेत, पालवी पाडव्याच्या बारा दिवस आधी फुटली, असं लेकीनं लिहिलं होतं. 'हे विचारायला म्हणून पहिल्यांदाच शेजारणींकडं गेले,' असंही.

"समुद्राची वल लागत असंल की," नीलम्मा म्हणाल्या. पण दुसऱ्या वर्षी मंद्रूपचेच करंज आधी फुटले आणि तो तर्क गेला.

सत्त्याहत्तरच्या वैशाखात त्या स्वतःच निघाल्या. हुबळीपर्यंत रेल्वे, पुढं घाट उतरणारी बस. खाडीकाठी एक करंज फिकट जांभळ्या फुलांनी भरलेला, तर शेजारचा गेल्या सालच्या वाळक्या शेंगा धरून उभा.

"एकच माती, एकच वारा. मग हे दोन येगळे का?"

"आमच्या साहेबांनाही विचारलं, अत्ती," जावई सासूबाईंना म्हणाले. "त्यांनाही सांगता येईना."

"अव्वा, मी तीन वर्सं बघतीया," महादेवी म्हणाली. "हा शेंगावाला दर साली मागंच असतो. खालच्या अंगाला एक त्याच्याहून मागं हाय. चल, दावते."

ती भराभर पुढं निघाली. नीलम्मा लुगडं खोचून तिच्यामागं चालल्या. प्रत्येक झाडापाशी त्या विचारत होत्या, लेक सांगत होती. एका झाडापाशी मात्र महादेवी म्हणाली, "ह्याचं मला न्हाय कळलं." तिथं दोघी सगळ्यात जास्त वेळ थांबल्या.