आत्या जहाजातून उतरली

कुठल्याही गोष्टीचा शेवट माझ्या आत्याइतक्या शिताफीनं चुकवणारं माणूस उभ्या दिल्लीत दुसरं सापडायचं नाही, गाझियाबाद आणि नोएडा धरूनसुद्धा! रहस्यकथा ती अधाशासारखी वाचते आणि शेवटचं प्रकरण तसंच ठेवून पुस्तक लायब्ररीत परत करते. "खुनी कळला की तो जातो, आणि त्याच्यामागून बाकीची माणसंही निघून जातात गं," असं तिचं म्हणणं. तिच्या फ्रिजात तळाशी बोटभर लोणचं उरलेल्या बरण्या ओळीनं उभ्या असतात, कारण एक संपत आली की तिला दुसरी उघडायची घाई. लग्नाला ती वऱ्हाडाच्या आधी हजर असते, पण पाठवणीची वेळ झाली, नवरीच्या आईनं पदर डोळ्यांना लावला, की आत्या ऑटोत बसलेली. काका गेल्यावर तर हे फारच वाढलं. सरकारी नोकरीतून ती निवृत्त झाली त्या दिवशी ऑफिसात समारंभ होता. साहेबांचं भाषण सुरू झालं आणि उत्सवमूर्ती गायब! मला फोन आला. आम्ही तेव्हा सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये शेजारी-शेजारी राहायचो, म्हणून मी आधी बाजारात जाऊन पाहिलं. आत्या एका ठेल्यावर निळ्या स्वेटरसाठी घासाघीस करत होती. "आत्या, अगं तिकडे हार घेऊन थांबलेत!" मी म्हटलं. "थांबू दे ना यार. भैया, ठीक से बोलो," ती म्हणाली. हार शेवटी खुर्चीला घालावा लागला.

अशा बाईला तिच्या मुलानं, टोरांटोहून, सत्तरीची भेट म्हणून जहाजाची सफर दिली. मुंबईहून निघून, बेटाबेटांना शिवत, जवळजवळ महिन्याभरानं कोचीला संपणारी. सोबतीला मी. भंडाऱ्याच्या तलावांवर वाढलेल्या आत्यानं समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि एवढंच म्हणाली, "अच्छा. म्हणजे याला पलीकडचा काठच नाही." मला वाटतं, ती त्याच क्षणी त्याच्या प्रेमात पडली.

जहाजावर वेळ विरघळून गेला होता. वार आठवायचे नाहीत. पाणी सकाळी दुधी, दुपारी गडद निळं, संध्याकाळी तांब्याच्या जुन्या घंगाळासारखं. डेकवर आत्याच्या शेजारी त्रिशूरच्या एक निवृत्त शिक्षिका बसायच्या. त्या व्हीलचेअरवर होत्या. आत्या त्यांना टीचर म्हणायची. टीचरचं हिंदी शाळेतल्या धड्यांसारखं, आत्याचं दिल्लीच्या भाजीबाजारातलं. तरी दोघींचं जमलं, कारण दुपारभर त्या बहुधा बोलायच्याच नाहीत. मध्येच एखादी म्हणायची, "देखो, मछली." दुसरी पाहायची. मासा तोवर गेलेला असायचा. दोघी हसायच्या.

एकदा टीचर सहज म्हणाल्या, "मेरी यह अंतिम यात्रा है. इसके बाद पैर नहीं मानेंगे." आत्यानं लगेच केळ्याच्या वेफर्सचा विषय काढला.

शेवटच्या संध्याकाळी बॅगा भरून खोलीबाहेर ठेवायच्या होत्या. मी एक साडी बॅगेत ठेवावी, आत्यानं ती काढून पुन्हा हँगरला लावावी, असं बराच वेळ चाललं. "अजून खूप वेळ आहे," ती म्हणत होती. सकाळी उठून पाहते तर किनारा लागलेला आणि आत्या बेपत्ता! टीचर उतरायच्या दाराशी थांबल्या होत्या. मागे रांग वाढत होती. "आपकी आंटी कहाँ हैं?" त्यांनी मला विचारलं. मी डेक पालथे घातले आणि अखेर ती मला रिकाम्या डायनिंग हॉलमध्ये, खांबाआड, मेन्यूकार्ड तोंडासमोर धरून बसलेली सापडली.

"टीचर थांबल्यात," मी म्हटलं.

"सांग, झोपलीये."

"आत्या, त्या पुन्हा भेटणार नाहीत."

"म्हणूनच तर सांग ना!" ती एकदम ओरडली, आणि तिनं मेन्यूकार्ड आणखी वर धरलं.

तेवढ्यात दारातून चाकांचा आवाज आला. रांग सोडून टीचर स्वतःच आल्या होत्या. त्यांनी आत्याच्या हातातलं कार्ड हळूच काढून टेबलावर ठेवलं. "मैं जाती हूँ," त्या म्हणाल्या.

आत्याचा चेहरा कसनुसा झाला. "जाती हूँ नहीं बोलते. हमारे में 'येते' बोलते हैं. मतलब, आती हूँ."

टीचर लहान मुलीसारख्या हसल्या. "हमारे में भी! पोयिट्टु वराम. जाकर आती हूँ."

"येते," आत्या म्हणाली.

"येते," टीचर म्हणाल्या.

दोघींनाही माहीत होतं. आत्यानं त्यांची खुर्ची स्वतः ढकलत दारापर्यंत नेली. खाली त्यांचा भाऊ गाडी घेऊन उभा होता. त्यांना गाडीत बसवणं, खुर्ची घडी करणं, दार एकदा नीट न लागणं, सगळं आत्या कठडा धरून पाहत राहिली. मागचे लोक कुरकुरले, तरी हलली नाही. गाडी झाडांआड गेली तेव्हा तिनं नाक पुसलं आणि मला म्हणाली, "चल. माझ्या साड्या कुठं कोंबल्यास?"

गाझियाबादला, आत्याच्या आताच्या फ्लॅटवर पोचल्यावर एक गंमत झाली. आत्याला जमीन हलतेय असं वाटायला लागलं. बऱ्याच दिवसांच्या बोटीनंतर असं होतं म्हणे. नवव्या मजल्यावरच्या पलंगावर ती डोळे मिटून बसायची आणि बाहेर ट्रकचे भोंगे वाजत असताना मंद मंद डुलायची. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाली, "बिल्कुल नको. छान वाटतंय."

मग एका सकाळी, मी दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या माझ्या ऑफिसात असताना, तिचा फोन आला.

"थांबलं गं आज," ती म्हणाली.

"अरे! कधी?"

"पहाटेपासून कमी कमी होत होतं. शेवटी तर इतकं हलकं, की आहे की नाही कळेना. मी हललेच नाही जागची."

"मग?"

फोनमधून तिच्या खिडकीतल्या कबुतरांचं घुमणं ऐकू येत होतं.

"मग काही नाही," आत्या म्हणाली. "पाय खाली टेकवले. फरशी गार होती."